खिंडीपर्यंतची तालीम

दातांच्या दवाखान्यात पुढच्या खोलीत डॉक्टर दात काढायचे आणि मागच्या खोलीत ताई दात करायच्या. तोंडाचं माप पुढून यायचं. त्यावर ताई प्लास्टरचा साचा ओतायच्या, मेणाच्या हिरड्या घडवायच्या आणि त्यात एकेक दात बसवायच्या. तयार झालेली कवळी ग्राइंडरवर घासून गुळगुळीत केली की ती पुन्हा पुढच्या खोलीत जायची. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू ताईंच्या हातचं आहे, असं डॉक्टर म्हणायचे. ताई म्हणायच्या, हसणं राहू द्या, चावता आलं म्हणजे मिळवली.

सगळे त्यांना ताईच म्हणत, वयानं मोठे असलेले डॉक्टरसुद्धा. हे ताईपण फार लवकर अंगाला चिकटलं होतं. आई गेली तेव्हा त्या नुकत्या कॉलेजात जाऊ लागल्या होत्या आणि धाकटा भाऊ बुटांच्या नाड्या बांधायला शिकत होता. कॉलेज सुटलं. कवळ्यांचं काम शिकून घेतलं. धाकट्याचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं. ताईंच्या लग्नाचा विषय मध्ये दोन-चारदा निघाला आणि दर वेळी ‘याचं एकदा मार्गी लागू दे’ म्हणून बाजूला पडला. पुढे वडिलांनी अंथरूण धरलं. त्यांचं सगळं ताईंनी केलं. कुरकुर न करता केलं असं म्हटलं तर खोटं होईल. कुरकुरत केलं, पण हात आखडता घेतला नाही. वडील गेले तेव्हा ताई पन्नाशीला टेकल्या होत्या, आणि संध्याकाळी घरी पोचायची घाई नसणं म्हणजे काय, ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

त्याच सुमाराला दवाखान्यात एक परकी बाई आली. साठीच्या पुढची, उन्हानं रापलेली, पाठीवर भलीमोठी सॅक, आणि रुमालात गुंडाळलेली दोन तुकडे झालेली कवळी. ‘हिला पुढे जायचंय, आजच्या आज जमेल का बघा,’ असं सांगून डॉक्टरांनी तिला मागे पाठवलं. ताई कवळी जोडत होत्या तोवर ती स्टुलावर बसून राहिली. दोघींना एकमेकींचे दहा शब्दही कळत नव्हते. थोड्या वेळानं बाईनं एक नकाशा काढून प्लास्टरनं पांढऱ्या झालेल्या टेबलावर पसरला आणि त्यावरून बोट फिरवायला लागली. आशियाच्या एका टोकापासून निघालेलं बोट डोंगर, वाळवंट, सरोवरं ओलांडत दुसऱ्या टोकाकडे चाललं होतं. बोट मध्येच थांबे आणि ती हातवारे करून सांगे: इथे रेल्वे, इथे बस, इथे पायी. ताईंनी खुणेनं विचारलं, बरोबर कोण? बाईनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि बोळकं उघडून हसली.

कवळी बसल्यावर तिनं सफरचंद चावून खात्री करून घेतली, ताईंचा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि ती निघून गेली. ताईंनी टेबल पुसलं नाही. प्लास्टरच्या धुळीत नकाशाच्या कडांची चौकट उमटली होती, तिच्याकडे त्या कितीतरी वेळ बघत बसल्या.

डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. ताईंचं काम बारीक, त्यामुळे स्वभावही तसाच. त्यांनी जाण्याचा विचार कवळी घडवावी तसा घडवायला घेतला. कुठली सीमा जमिनीवरून ओलांडता येते, कुठली खिंड बर्फानं बंद होते, कुठल्या देशाच्या व्हिसाची मुदत हातात पडल्यापासून मोजतात आणि कुठल्या देशाची आत शिरल्यापासून, हे त्यांना तोंडपाठ झालं. त्यांनी सॅक आणली. तिच्यात दवाखान्यातल्या प्लास्टरच्या पिशव्या भरून त्या रोज जिन्यानं चढउतार करू लागल्या. पहिल्या दिवशी शेजारच्या काकांनी विचारलं, लिफ्ट बिघडली का? दुसऱ्या दिवशी विचारलं, घर बदलताय का? तिसऱ्या दिवशी काही न विचारता त्यांनी वाट सोडली.

धाकट्याला सांगायचं मात्र ताई पुढे ढकलत राहिल्या. धाकटा आता चाळिशीला टेकलेला, टक्कल पडू लागलेला माणूस होता आणि विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या गाड्यांची पाहणी करायचा. दरीत गेलेल्या बसगाड्या, पत्र्याचा चुरा झालेल्या मोटारी, हेच त्याचं पोट. ताटावर बसला की ‘आज एक ट्रक पाहिला’ अशी सुरुवात व्हायची आणि त्याची बायको ‘आधी जेवा’ म्हणायची. अशा माणसाला हे सांगायचं म्हणजे विस्तवाशी खेळ.

शेवटी एका संध्याकाळी ताईंनी सांगून टाकलं. धाकट्यानं घास तसाच हातात धरला.

“कोणाबरोबर?”

“एकटीच.”

“इथे काय कमी आहे तुला?”

“काही नाही. म्हणून तर जाते.”

तो पानावरून उठून गेला. त्यानंतर घरात त्या विषयाला कोणी हात लावला नाही. पण ताई सॅक घेऊन जिना उतरू लागल्या की खोलीतून त्याचं खाकरणं ऐकू यायचं. खरं म्हणजे ऐकू यायचं नाही, भावजयीच्या चेहऱ्यावरून कळायचं.

कारण ताईंच्या कानांची गोष्ट वेगळीच होती. डावा कान लहानपणच्या आजारात गेलेला. ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर विनोदही होत. नको ते काम सांगायचं तर ताईच्या उजवीकडून सांग, डावीकडून सांगितलंस तर फुकट जाईल. पण उजवा कानही ग्राइंडरच्या घरघरीत वर्षानुवर्षं झिजत चालला होता, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कानाच्या डॉक्टरांनी ताईंना काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, की हाही जाणार. कधी, ते सांगता येत नाही. ताईंनी मान डोलावली, घरी येऊन कपडे वाळत घातले आणि ते मनाच्या तळाशी गाडून टाकलं. जायचं ते आताच, हे त्या दिवशी पक्कं झालं. घरी कळलं तर दाराला कडी लागणार, हेही तेव्हाच पक्कं झालं.

पण ताई भाबड्या नव्हत्या. आपल्याला झेपतं का, हे आधी बघायला हवं होतं. डोंगरापलीकडच्या शेजारच्या देशात एक रात्र राहून परत यायचं, अशी रंगीत तालीम त्यांनी ठरवली. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे चालले आहे.

जाणं सुरळीत झालं. चौकीवर शिक्का बसला, पलीकडच्या गावात खोली मिळाली, सकाळी उठून त्या अनोळखी रस्त्यांवरून फिरल्या, खुणा करून काहीबाही विकत घेऊन खाल्लं. परतीच्या बसमध्ये बसताना त्यांना वाटलं, जमतंय की आपल्याला. तिथेच माशी शिंकली.

खिंडीत धुकं उतरलं होतं. सीमा ओलांडून अलीकडच्या उतारावर एका टपरीपाशी बस थांबली आणि ताई मागच्या बाजूच्या स्वच्छतागृहात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा बस नव्हती. धुक्यामुळे दिसत नसेल असं समजून त्या चार पावलं पुढे गेल्या, मग आणखी चार. रस्ता मोकळा होता. चालकानं हॉर्न दिला असणार, कोणी हाकाही मारल्या असतील. ताईंपर्यंत त्यातलं काही पोचलं नव्हतं. सॅक बसमध्ये होती आणि फोन सॅकमध्ये. पासपोर्ट तेवढा कमरेच्या पट्ट्यात होता. तो त्यांनी चाचपून पाहिला.

टपरीवाल्यानं खुणेनं सांगितलं की खाली चौकी आहे, बस तिथे थांबेल. किती खाली, ते कळलं नाही. ताई चालू लागल्या. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मधली पांढरी पट्टी पाहत त्या उतरत होत्या. पायांखालचा डांबरी रस्ता हलका थरथरतो आहे असं त्यांना एकदा वाटलं. थंडीनं पाय कापत असतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग धुकं एकाएकी पिवळं झालं. त्या वळल्या, तर ट्रकचं नाक समोर होतं, हात लांबवला असता तर लागलं असतं. चाकांतून धूर निघत होता. इतका मोठा ट्रक इतका जवळ येऊन थांबला आणि त्याचा आवाज त्यांना लांबून कोणी कपाट सरकवावं एवढाच आला होता.

ट्रकवाला खाली उतरला. तो बराच वेळ बोलत होता, आणि त्याच्या तोंडाकडे बघून ताईंना कळत होतं की तो चांगलं काही बोलत नाही. मग त्या कानावर हात ठेवून म्हणाल्या, “मला ऐकू येत नाही.”

हे वाक्य त्यांनी आजवर कोणापुढे उच्चारलं नव्हतं.  ट्रकवाल्यानं पलीकडचं दार उघडून त्यांना वर चढवलं.

चौकीवर सॅक होती, बस नव्हती. बसवाल्यांनी वाट पाहिली, रिकाम्या जागेवरची सॅक शिपायाच्या ताब्यात दिली आणि तिकिटावरचा घरचा नंबर फिरवून कळवलं की तुमच्या बाई खिंडीत राहून गेल्या. ताईंनी फोन उघडला तर धाकट्याच्या नावाची रांग लागलेली. त्यांनी फोन लावला. तो एवढंच म्हणाला, “तिथेच थांब. मी निघालोय.” त्या ‘मी येते’ म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

धाकटा दिवेलागणीला पोचला. शिपाई पुढे झाला आणि ट्रकवाल्याकडून ऐकलेलं त्यानं सगळं सांगितलं. ट्रक किती अंतरावर थांबला तेही. वर म्हणाला, बाईंना ऐकू येत नाही तर एकट्या कशाला सोडता, साहेब? ताई बाजूला उभ्या होत्या. शिपायाचे ओठ त्यांना नीट दिसत होते. धाकट्यानं सॅक उचलून डिकीत टाकली.  वाटभर स्टिअरिंगवर त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

पहिल्या व्हिसासाठी वकिलातीत जायचा दिवस सोमवारचा होता. त्याच्या आठवडाभर आधी ताईंनी कपाटाचा खण उघडला, तर पासपोर्ट नव्हता. त्यांनी कपाट उपसलं नाही. कोणी नेला हे शोधायची गरज नव्हती. पण विचारायला जावं तर तो कानाचं विचारणार. तो कानाचं विचारायला येत नव्हता, कारण मग पासपोर्टचं निघालं असतं. एकाच छपराखाली दोघं मांजरांसारखी एकमेकांना टाळत राहिली. मीठ हवं असलं तरी मागायचं भावजयीकडे. दवाखान्यात ताईंनी एका आजोबांच्या वरच्या कवळीत उजवीकडचा सुळा डावीकडे बसवला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. डॉक्टरांनी कवळी परत आणून टेबलावर ठेवली आणि ते पुढच्या खोलीत गेले. 

रविवारी दुपारी जेवणं उरकली. भावजय भांडी आवरत होती. ताई टेबलावरच बसून राहिल्या.

“माझा पासपोर्ट दे.”

“कुठला पासपोर्ट?”

“हे बघ, तुला खोटं बोलता येत असतं तर शाळेत तुझ्यासाठी मला बोलावणी आली नसती. दे.”

धाकट्यानं खुर्ची मागे सरकवली, पण उठला नाही. “खिंडीत काय झालं ते मला सांगणार होतीस?”

“नाही.”

“का?”

“कारण तू हेच केलं असतंस.”

“मग काय करू?” त्याचा आवाज चढला. ताईंनाही तो स्वच्छ ऐकू आला. “ट्रक हातभर अंतरावर थांबला, ताई. जे थांबले नाहीत ते मी रोज बघतो. आत काय काय सापडतं ते मी घरी सांगत नाही.”

ताईंनी टेबलाची कड धरली आणि काचेच्या खोलीतलं सगळं सांगितलं. उजवाही चालला आहे. वर्ष, दोन वर्षं, कदाचित जास्त. “पूर्ण गेला की मी या खुर्चीवर बसेन आणि तुमच्या तोंडांकडे बघून बोलणं ओळखेन. तक्रार करणार नाही. पण त्याच्या आधी मला जायचंय.”

“आणि परत नाही आलीस तर?”

 आईला इस्पितळात नेलं होतं तेव्हा धाकटा खिडकीच्या गजांना धरून उभा राहायचा, आणि ताई त्याला रोज ‘उद्या येईल’ म्हणून सांगायच्या. आई गेली हे कळल्यावरसुद्धा एक दिवस त्यांनी तेच सांगितलं होतं, कारण दुसरं काय सांगावं हे त्या वयात सुचलं नव्हतं.

“येईनच, असं मी तुला सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “आईच्या वेळी सांगितलं होतं.”

धाकट्यानं मान खाली घातली. तेवढ्यात भावजय हात पुसत आली, पिठाचा डबा उघडला, त्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पासपोर्ट काढला आणि टेबलावर ठेवला.

“माझ्याकडे ठेवायला दिला होता,” ती ताईंना म्हणाली. नवऱ्याकडे तिनं पाहिलंही नाही. “रोज पीठ घेताना हात लागतो. मला नाही जमत हे.”

धाकटा उठला, चपला घातल्या आणि बाहेर गेला. दार आपटल्याचा आवाज ताईंना आला नाही. टेबलावरचे पेले हलले, त्यावरून कळलं.

सोमवारी ताई वकिलातीत गेल्या. पिठाचा पांढरा डाग पासपोर्टच्या पाठीवर तसाच होता आणि खिडकीतल्या बाईनं तो अंगठ्यानं पुसून टाकला.

पुढचे आठवडे सोपे नव्हते. डॉक्टरांनी बजावलं की इतके महिने जागा राखून ठेवणं त्यांना परवडणार नाही, दुसरं माणूस घ्यावं लागेल. ताईंनी ते ऐकून घेतलं. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, पण सकाळी त्यांनी जायचा बेत बदलला नाही. उजव्या कानाला यंत्र आलं. पहिल्याच दिवशी कागद चुरगळल्याचा, चमचा पडल्याचा, स्वतःच्याच चपलांचा आवाज इतका अंगावर आला की त्यांनी ते काढून ताटलीत ठेवलं. मग पुन्हा घातलं. भावजयीनं पिवळ्याधमक कापडावर कानाचं चित्र काढून त्यावर लाल फुली शिवली आणि तो तुकडा सॅकच्या पाठीवर पक्का केला. कुठल्याही भाषेतला ट्रकवाला असो, ती म्हणाली, एवढं तर त्याला कळेल.

धाकटा मात्र बोलत नव्हता. एका संध्याकाळी तो कामावरून आला, ताईंचा नकाशा उघडा पडला होता, आणि उभ्याउभ्याच त्यानं एका घाटावर बोट ठेवलं.

“हा रस्ता रद्द कर. इथे रस्त्याला कठडाच नाही.”

“रद्द केला तर फार मोठा वळसा पडतो.”

“पडू दे.”

मग तो बसला. त्यानं सगळ्या वाटेची अशी पाहणी केली, जशी एखादी चेपलेली गाडी तपासत असावा. दोघांची जुंपली. त्यानं खोडलेला रस्ता ताईंनी परत घातला, त्यानं पुन्हा खोडला. शेवटी घाटातून फक्त दिवसाउजेडी जायचं आणि धुकं असेल तर मुक्काम करायचा, यावर तोडगा निघाला. तिला जाऊ द्यायला तो राजी झाला आहे, असं तो त्या दिवशी म्हणाला नाही आणि नंतरही कधी म्हणाला नाही.

निघायच्या दिवशी तो डेपोवर आला. बसची चाकं त्यानं फिरून पाहिली, टायरला अंगठा लावून पाहिला, चालकाशी दोन शब्द बोलून त्याचे डोळे तांबारलेले नाहीत याची खात्री करून घेतली. सॅक त्यानं स्वतः टपावर चढवली आणि दोरी दोनदा ओढून पाहिली. भावजय रडत होती आणि रडत नसल्यासारखं करत होती. बस हलायला लागली तसा तो खिडकीशी आला.

“पोचल्यावर कळव.”

“कुठे पोचल्यावर?” ताईंनी विचारलं.

 तो बसबरोबर काही पावलं चालत राहिला. “जिथे पोचशील तिथून,” तो म्हणाला, आणि मागे राहिला.

दुपारी सीमेवरच्या खिडकीत अधिकाऱ्यानं ताईंना काही विचारलं. काचेमागून आवाज फुटून येत होता.  मागे रांग ताटकळत होती. पूर्वी त्या अशा वेळी अंदाजानं ‘हो’ म्हणून मोकळ्या व्हायच्या. आज त्यांनी यंत्राकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, हळू बोला, पुन्हा सांगा. अधिकाऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या, पण पुन्हा विचारलं. कुठे जायचंय? ताईंनी पहिल्या मुक्कामाचं नाव सांगितलं. शिक्का बसला.

पलीकडे एका बाकावर माणसं पुढच्या बसची वाट बघत बसली होती. बस कुठून येणार, कधी येणार, याचा पत्ता नव्हता. कर्ण्यातून कोणीतरी काहीतरी पुकारत होतं आणि त्यातलं अक्षरही ताईंना कळत नव्हतं.  त्या मोठी टोपली घेऊन बसलेल्या एका बाईशेजारी जाऊन बसल्या, तिला स्वतःचं तिकीट दाखवलं, कानावर हात ठेवून मान हलवली, रस्त्याकडे बोट केलं आणि मग आपल्याच खांद्यावर टिचकी मारली. बस आली की मला हात लावा.

बाईनं तिकीट निरखून पाहिलं, स्वतःचं काढून शेजारी धरलं, आणि टोपली सरकवून ताईंना जवळ जागा करून दिली.